एका शेगडीवरचं पुडिंग

अर्धा लिटर दुधाची पिशवी, साखर, चिमूटभर मीठ आणि वाण्याकडे छोट्या खोक्यात मिळणारं कॉर्नफ्लोअर. एवढ्यात चार वाट्या पुडिंग होतं. ओव्हन नको, बीटर नको, मिक्सरही नको. अंधेरीला किंवा मुलुंडला तिघा-चौघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांकडे एक शेगडी नाहीतर इंडक्शन, दोन पातेली आणि कुणाच्या तरी आईने बांधून दिलेली चार भांडी एवढाच संसार असतो. तेवढा पुरतो. चहा उतू न घालवता करता येत असेल तर हेही जमेल.

एक सवय मात्र सोडावी लागेल. दूध दाट करायचं म्हणजे आटवायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. बासुंदी, खीर, कोजागरीचं दूध, सगळीकडे तेच: मंद आचेवर ठेवा, कडेची साय खरवडून आत ढकला आणि वेळ द्या. पुडिंगला हा नियम लावलात की फसलात. इथे दाटपणा आणतं ते पीठ, आणि किती दाट होणार हे गॅस पेटवण्याआधीच, पीठ मोजताना ठरलेलं असतं. पातेल्यात पातळ दिसतंय म्हणून जो आणखी दहा मिनिटं ढवळत बसतो, त्याच्या वाटीत दुसऱ्या दिवशी खळ निघते. गरम असताना पुडिंग जरा पातळच दिसायला हवं. थंड झालं की ते आपलं आपण धरतं.

सामान आणताना

कॉर्नफ्लोअर मागताना हातात काय पडतंय ते बघा. पिवळसर आणि बोटांना रवाळ लागतं ते मक्याच्या रोटीचं पीठ. ते घातलंत तर उपम्यासारखं काहीतरी होईल. आपल्याला हवं ते पांढरंशुभ्र, अगदी तलम, चिमटीत दाबलं की करकरणारं. मक्याच्या दाण्यातला फक्त स्टार्च वेगळा काढून ते केलेलं असतं. 100 ग्रॅमचं खोकं आणलं तर त्यात चार वेळा पुडिंग होतं. खोकं फोडल्यावर आतली पिशवी रबर लावून तशीच फडताळात ठेवू नका. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कोरड्या वस्तूंचं काय करते हे मिठाच्या बरणीने तुम्हाला दाखवलं असेलच. घट्ट झाकणाचा कोरडा डबा घ्या आणि त्यात कोरडाच चमचा घाला. गोळे झाले असतील तर चाळून घेऊन वापरता येतं; कुबट वास येत असेल तर मात्र सरळ टाकून द्या.

दूध कुठलंही चालतं. पिशवीवर टोन्ड लिहिलेलं असेल तर त्यात 3 टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये 6 टक्के. दोन्हींचं पुडिंग सारखंच धरतं, कारण धरण्याचं काम स्निग्धांशाचं नाहीच. फरक जिभेला कळतो. फुल क्रीमचं तोंडात रेंगाळतं, टोन्डचं पटकन संपतं. घरात टोन्डच असेल तर शेवटी चमचाभर लोणी किंवा बटर घाला, बरीच भरपाई होते. तबेल्यातलं म्हशीचं सुटं दूध येत असेल तर उत्तम, पण ते आधी उकळून, निववून, साय काढून घ्या. नाहीतर सायीचे तुकडे पुडिंगमध्ये गुठळ्यांसारखे दिसतात आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष देत बसता. नासायच्या बेतात आलेलं दूध संपवायला म्हणून पुडिंग करू नका. ते दूध तापवताना हमखास फाटतं आणि साखरही वाया जाते.

मिठाला नाक मुरडू नका. चिमूटभर मीठ नसेल तर गोड दूध नुसतंच गोड लागतं.

मापं

घरातल्या चमच्यांचा काही भरवसा नसतो. पोहे खायचा चमचा एका घरी लहान, दुसऱ्या घरी मोठा, आणि चौघांच्या फ्लॅटवर तर चार घरचे चमचे एकाच डब्यात नांदत असतात. मोजायचे कप विकत आणायची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे पारदर्शक झाकण येतं, त्यावर मिलिलीटरच्या रेघा असतात. ते गरम पाण्याने आणि साबणाने नीट घासून कोरडं करा. पुढची सगळी मापं त्यातच मोजायची आहेत.

दूध 500 मिली
कॉर्नफ्लोअर 45 मिली, म्हणजे वजनाने साधारण 24 ग्रॅम
साखर 60 मिली, साधारण 50 ग्रॅम
मीठ एक चिमूट
व्हॅनिला इसेन्स अर्धा चहाचा चमचा, नाहीतर चार वेलच्यांची पूड

कॉर्नफ्लोअर झाकणात दाबून भरायचं नाही. हलक्या हाताने भरायचं आणि जास्तीचं सुरीने सपाट करून काढायचं. शीग लावून भरलंत तर तीन मापांत जवळजवळ चौथं माप जातं, आणि सगळा खेळ या मापाचाच आहे.

45 मिलीमध्ये वाटीत थरथरणारं, चमच्याने खायचं पुडिंग होतं. साच्यातून ताटलीत उलटं काढून मिरवायचं असेल तर 75 मिली लागतं, पण ते जिभेवर जरा जड होतं. माझं मत विचाराल तर वाटीतलंच चांगलं. साखर ही मापाने जरा कमीच वाटेल अशी ठेवली आहे. गार पदार्थ कमी गोड लागतो हे खरं असलं, तरी आपल्याकडची गोडाची कल्पना थोडी सैल आहे. एकदा करून बघा, मग हवी तर वाढवा.

भांडं आणि आच

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं असेल तर प्रश्नच मिटला. पातळ बुडाचं असेल तर त्याच्याखाली लोखंडी तवा ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल, पण तळाला लागायची भीती उरत नाही. पातेलं दोन लिटरचं तरी घ्या. दूध वर आलं की पळापळ नको.

इंडक्शनवाल्यांसाठी दोन गोष्टी. ॲल्युमिनियमचा टोप इंडक्शनवर तापत नाही, तेव्हा स्टीलचंच घ्या. आणि बटण सगळ्यात खाली आणलं म्हणजे आच मंद झाली असं समजू नका. बऱ्याच इंडक्शन शेगड्या खालच्या आकड्यावर नुसत्या चालू-बंद होत राहतात. चालू असतात तेव्हा पूर्ण जोरात तापवतात. ढवळणं थांबलं की त्याच क्षणी तळ धरतो. म्हणून एका हाताने पातेलं उचलायची तयारी ठेवा. गॅसवर आच कमी करतो तसं इथे पातेलं वर घ्यायचं.

ढवळायला डाव घेऊ नका. त्याची गोलाई पातेल्याच्या कडेला पोचत नाही आणि पीठ नेमकं तिथेच बसतं. सपाट कडेचं लाकडी उलथणं सगळ्यात चांगलं.

कृती

एका वाडग्यात साखर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. साखरेचे दाणे पिठाच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात, त्यामुळे पुढे गुठळ्या होत नाहीत. अर्ध्या लिटरमधलं 100 मिली थंड दूध बाजूला काढा. त्यातलं आधी फक्त दोन चमचे या मिश्रणात घालून गंधासारखं कालवा, मग उरलेलं घाला. एकदम सगळं ओतलं तर पिठाचे गोळे तरंगत राहतात आणि ते मोडता मोडता मनगट दुखतं. दूध थंडच हवं. कॉर्नफ्लोअर साधारण 65 अंशाला फुगायला लागतं. ते गरम दुधात थेट टाकलं की वरचे कण लगेच फुगून चिकट कवच धरतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गुठळी म्हणतात ती हीच.

आता पातेलं पाण्याने विसळा, पुसू नका, आणि ओल्या पातेल्यातच उरलेलं 400 मिली दूध ओता. ही आजीबाईंची युक्ती आहे आणि ती चालते. मध्यम आचेवर दूध तापू द्या. कडेने बारीक बुडबुडे आले आणि दूध वर यायला लागलं की आच कमी करा.

वाडग्यातलं मिश्रण पुन्हा एकदा तळापासून हलवा. तेवढ्या वेळात सगळं कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. नुसतं वरचं दूध ओतून तळाचा गोळा वाडग्यातच राहतो आणि मग पुडिंग का धरलं नाही याचं कोडं पडतं. एका हाताने मिश्रणाची बारीक धार सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दोन्ही हात गुंतणार आहेत, तेव्हा फोन लांब ठेवा.

पुढची चार-पाच मिनिटं महत्त्वाची. ढवळताना उलथणं तळावरून आणि कडेवरून फिरवा, मधूनमधून इंग्रजी आठचा आकडा काढत. पहिली मिनिट-दीड मिनिट काहीच होत नाही. दूध पाण्यासारखंच दिसतं आणि नवशिका माणूस इथेच घाबरून आणखी पीठ कालवायला घेतो. घेऊ नका. थोड्या वेळाने आवाज बदलतो: दुधाचं सळसळणं थांबतं. वरचा फेस विरून जातो. उलथणं हाताला जड लागायला लागतं आणि त्याच्यामागे पातेल्याचा तळ क्षणभर उघडा पडून पुन्हा झाकला जातो. मग एक जाड बुडबुडा वर येतो आणि ‘फट’ करून फुटतो. त्या बुडबुड्यापासून घड्याळात दोन मिनिटं मोजा.

ती दोन मिनिटं टाळू नका आणि वाढवूही नका. स्टार्च 65 अंशाला फुगायला लागत असला तरी त्याचा पूर्ण जोर 95 अंशाच्या आसपास येतो. लवकर उतरवलंत तर जिभेवर कच्च्या पिठाची चव राहते आणि दुसऱ्या दिवशी वाटीत पाणी सुटतं. खूप वेळ उकळत ठेवलंत तर फुगलेले कण फुटतात आणि दाट झालेलं पुन्हा सैल पडतं. वर दूध आटत जातं ते वेगळंच. बासुंदीची सवय इथे दोन्हीकडून नडते.

झालं की नाही ते बघायला उलथण्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, ओघळून एकमेकींना भेटल्या नाहीत, की झालं. बोट भाजेल, तेव्हा आधी फुंकर घाला. गॅस बंद करा. बटर घालायचं असेल तर आता, व्हॅनिला किंवा वेलचीही आताच. उकळत्या पातेल्यात घातलेल्या इसेन्सचा वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि पुडिंगमध्ये राहत नाही.

चाखायचं असेल तर वेगळ्या चमच्याने, आणि तो चमचा पुन्हा पातेल्यात घालायचा नाही. हे सोवळं-ओवळं नव्हे. आपल्या लाळेत स्टार्च मोडणारं एन्झाइम असतं. चाटलेला चमचा कोमट पुडिंगमध्ये फिरला तर पुडिंग सैल पडून पाणी सुटतं. फ्लॅटवर रात्री कोण फ्रिज उघडून वाटीत चमचा घालतं याचा छडा लावायला ही माहिती उपयोगी पडते.

गार करणं

वाट्यांत ओतल्यावर ताबडतोब झाकण ठेवू नका. वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि थेंब थेंब परत पुडिंगवर पडून तिथे डबकी होतात. पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं उघडं ठेवा. वर साय धरेल. काहींना तीच आवडते, मला आवडते. नको असेल तर बटर पेपरचा तुकडा पुडिंगला अगदी चिकटवून ठेवा, मधे हवा राहता कामा नये.

दुधाचा पदार्थ आहे आणि ही मुंबई आहे. एरवी दोन तासांच्या आत आणि एप्रिल-मेमध्ये तासाभरातच वाट्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. घाई असेल तर परातीत थंड पाणी घालून त्यात वाट्या उभ्या करा. फ्रिजमध्ये ठेवताना मात्र झाकण हवंच. खालच्या कप्प्यात कालचं सुरमईचं कालवण आणि अर्धा चिरलेला कांदा असेल, तर उघडं पुडिंग ते सगळे वास निमूटपणे शोषून घेतं. तीन-चार तासांत छान धरतं. दोन दिवसांत संपवा. लवकर व्हावं म्हणून फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठून सुटलं की पीठ एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं. आणि धरलेलं पुडिंग पुन्हा ढवळायचं नाही. एकदा मोडलं की ते तसंच्या तसं परत धरत नाही.

बिघडलं तर

गुठळ्या झाल्या असतील तर गरम असतानाच गाळणीतून गाळा आणि उलथण्याने दाबून काढा. ती गाळणी चहाची नको. कितीही धुतली तरी आल्याचा वास तिला असतोच.

तळाला लागल्याचा वास आला तर तळ खरवडायचा नाही, हे सगळ्यात आधी. वरचं पुडिंग अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि पुढे चालू ठेवा. थोडासाच वास राहिला असेल तर चमचाभर इन्स्टंट कॉफीत तो झाकला जातो. जास्त असेल तर झाकला जात नाही.

दुसऱ्या दिवशीही पातळच असेल तर 15 मिली कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून त्यात घाला आणि पुन्हा दोन मिनिटं उकळा. किंवा सरळ फळं चिरून घाला आणि फ्रूट कस्टर्ड म्हणून वाढा, कुणी तक्रार करत नाही. फार घट्ट झालं असेल तर थोडं गरम दूध घालून फेटून घ्या. वाटीतला थरथराट जाईल, चव जाणार नाही.

चवी बदलताना

चॉकलेटसाठी 30 मिली बिनसाखरेची कोको पावडर कोरड्या मिश्रणातच घाला, साखर 15 मिलीने वाढवा आणि कॉर्नफ्लोअर 5 मिलीने कमी करा, कारण कोकोमध्येही स्टार्च असतो. कॉफी हवी तर एक चहाचा चमचा इन्स्टंट कॉफी, शेवटी.

गुळाचं पुडिंग सुरेख लागतं, पण गूळ उकळत्या दुधात घालू नका, दूध फाटतं. साखर न घालता पुडिंग करून उतरवा, पाच-सात मिनिटं निवू द्या आणि मग बारीक किसलेला गूळ हलक्या हाताने मिसळा. वर जायफळ. साखर नसल्यामुळे सुरुवातीला पीठ कालवताना मात्र जास्त काळजी घ्यावी लागते.

आंब्याचा रस पुडिंग पूर्ण गार झाल्यावर वरून घाला, आत शिजवू नका. हापूसचा रस उकळला की त्याचं हापूसपण जातं, आणि आंबट फळाने दूध फाटतं आणि स्टार्चही सैल पडतो. ताजा अननस तर दुधाच्या कुठल्याच गोडात कच्चा घालू नये. थोड्या वेळाने कडवट लागायला लागतं. पाकात शिजवून घेतलेला चालतो.

कस्टर्ड पावडर घरात असेल तर कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढीच घ्या, कारण ती म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. ही पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर हवं होतं. आपल्याकडे वाढदिवसाला आणि हळदीकुंकवाला जे पिवळं कस्टर्ड फळं घालून वाटीत येतं, त्याचं मूळ तिथे आहे.

अंडं चालत असेल तर

मुंबईत राहून कॅरॅमल कस्टर्ड करून बघितलं नाही असं होऊ नये. बॅलार्ड इस्टेटमधलं 1923 पासूनचं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल बेरी पुलावासाठी ओळखलं जातं, पण जेवणाच्या शेवटी तिथे कॅरॅमल कस्टर्ड मागवतातच. पारशी लग्नात तर भाजलेलं, वेलची-जायफळ घातलेलं ‘लगन नु कस्टर्ड’ पंगतीला असतं. आपण कुकरमध्ये वाफवायचं आहे, आणि इथे धरण्याचं काम पिठाऐवजी अंडं करतं.

कुकरमध्ये बसेल असा स्टीलचा डबा घ्या. छोट्या पातेल्यात 45 मिली साखर आणि 10 मिली पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. चमचा घालायचा नाही, पातेलंच धरून हलवायचं. साखर विरघळेल, बुडबुडे येतील, बराच वेळ पांढरीच राहील आणि मग एकदम रंग धरेल. तांबूस-तपकिरी झाली की लगेच डब्यात ओता. एका श्वासाचा उशीर झाला तर कडू होते. हा पाक दीडशे अंशांच्या वर तापलेला असतो आणि कातडीवर पडला तर चिकटून बसतो. लहान मुलं ओट्याजवळ नकोत आणि बोटाने चाखण्याचा मोह तर नकोच.

250 मिली कोमट दूध, 30 मिली साखर, दोन अंडी आणि व्हॅनिला हलक्या हाताने एकत्र करा. फेस काढायचा नाही. गाळून डब्यात ओता, डब्याला घट्ट झाकण किंवा फॉइल लावा. कुकरमध्ये तळाला इंचभर पाणी, त्यावर जाळी, त्यावर डबा. झाकण लावा पण शिट्टी काढून ठेवा. पाणी उकळलं की आच अगदी मंद करून वीस ते पंचवीस मिनिटं. अंडं 80-85 अंशांत धरतं. मोठ्या आचेवर ठेवलंत तर त्याला इडलीसारखी जाळी पडते आणि पाणी सुटतं. सुरी टोचून स्वच्छ बाहेर आली की झालं, मधोमध थोडं हललं तरी चालेल. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई केलीत तर कॅरॅमल डब्याच्या तळाशी काचेसारखं कडक राहतं. रात्रभरात ते कस्टर्डच्या ओलाव्याने विरघळतं आणि उलटं केल्यावर वरून ओघळतं. उलटं करण्याआधी कडेने सुरी फिरवा.

पाव उरले असतील तर त्यांचंही याच कुकरमध्ये जमतं. शिळ्या लादी पावाचे चार पाव कुस्करून, कोमट दूध 300 मिली, दोन अंडी, 45 मिली साखर आणि मूठभर बेदाणे, तूप लावलेल्या डब्यात, अर्धा तास. अंडं नको असेल तर पावाला बटर लावून तव्यावर भाजून घ्या, तुकडे वाटीत पसरा आणि त्यावर वर सांगितलेलं कॉर्नफ्लोअरचं गरम पुडिंग ओता.

फ्रिजच नसेल तर

तर चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून करतात, शाकाहारी आहे आणि साधारण 35-40 अंशालाच धरतो, म्हणजे मे महिन्यातही ओट्यावर धरेल. जिलेटिन तेवढ्याच उष्म्यात पातळ होऊन बसतं, शिवाय ते प्राण्यांपासून करतात. अर्ध्या लिटर दुधाला 10 ग्रॅमच्या पाकिटातला अर्धा चायना ग्रास कापून कपभर पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. एकही दोरा दिसता कामा नये. साखर घातलेलं दूध दुसरीकडे गरम असलं पाहिजे; थंड दुधात ओतलात तर तिथल्या तिथे धाग्याधाग्याने धरतो. गाळून मिसळा, ताटलीत ओता, वड्या कापा. त्याच दिवशी खाऊन टाका, कारण धरलं म्हणजे टिकलं असं नाही.

कॉर्नफ्लोअरचं पातेलं गरम पाण्याने घासायला जाऊ नका, पीठ आणखी चिकटतं. गार पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी हाताने निघतं. कॅरॅमलच्या पातेल्याचं बरोबर उलट: त्यात पाणी घालून एक उकळी काढा, साखर आपोआप सुटते.